धोटा टाकवत नाही, ताई

गेल्या महिन्यात या सदरात एका फोटोबद्दल मी चारच ओळी लिहिल्या होत्या. सुपारीपेक्षा थोडी मोठी लाकडी छत्री, मिटलेली, मधोमध एक डोळा, बाहेर लोंबणारी जीभ आणि दांड्याच्या जागी एक पाय. जपानी कोरीव काम आहे, नाव नेत्सुके, जुन्या वस्तूंना जीव येतो या तिकडच्या समजुतीवरून केलंय, एवढं सांगून मी पुढच्या विषयाकडे वळले होते. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. बरीचशी आपल्या सोलापूरचीच आहेत आणि त्यात मागवाल्यांच्या घरातली पत्रं जास्त आहेत, असं का ते पुढे एक पत्र वाचलंत की कळेल.

ताई, छत्री भारी होती पण ती वापरायची कशाला? शोपीस आहे का? एवढ्याशा वस्तूवर कोण एवढं काम करत बसेल, आणि फोटोत पाठीमागे दोन भोकं दिसत होती ती कशाची?
*जुळे सोलापूर*

शोपीस नाही हो, वापरायचीच वस्तू, आणि तीही रोजची. तुमच्या घरात धोतर नेसणारे कुणी आजोबा होते का? धोतराला खिसा नसतो, मग पैसे कनवटीला आणि पान-तंबाखू चंचीत, आणि ती चंची कमरेला खोचलेली. नाहीतर आजीच्या नऊवारीवरचा किल्ल्यांचा छल्ला आठवा, वरचा आकडा कमरेला अडकवलेला आणि खाली जुडगा खुळखुळतोय. जपानात किमोनोलाही तसाच खिसा नाही. रुंद बाहीत हलकंफुलकं काहीतरी राहतं, पण औषधाची डबी, तंबाखूची पिशवी, पैशाचा बटवा, शाई-कुंचल्याची नळी हे सगळं कुठे ठेवणार? मग ते दोरीला बांधायचं, दोरी कमरेच्या पट्ट्याच्या, म्हणजे ओबीच्या आतून वर काढायची, आणि खाली घसरू नये म्हणून वरच्या टोकाला एक अडकण लावायचं. ते अडकण म्हणजे नेत्सुके. तुम्हाला दिसलेली दोन भोकं दोरी ओवायची, त्यांना हिमोतोशी म्हणतात, आणि बऱ्याचदा त्यातलं एक जरा मोठं ठेवतात म्हणजे दोरीची गाठ आत लपते. दोरीवर मधे एक मणी असतो, ओजिमे, तो खाली सरकवला की पिशवी घट्ट बंद.

हे सगळं बहरलं एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८. व्यापाऱ्यांकडे पैसा आला होता पण कुणी कसले कपडे घालायचे यावर सरकारचे नियम होते, भपका दाखवायला जागा नव्हती, मग हौस जाऊन बसली या कमरेच्या तीन-चार सेंटीमीटरच्या वस्तूत. १७८१ साली ओसाकाच्या इनाबा त्सूर्यू नावाच्या माणसाने तलवारीच्या सामानावर ग्रंथ काढला, 'सोकेन किशो', त्यात त्याने नेत्सुके कोरणाऱ्या कारागिरांची नावं आणि त्यांच्या कामाची चित्रंसुद्धा दिलीत, म्हणजे तोवर ही माणसं नावाने ओळखली जायला लागली होती.

आता मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. चांगल्या नेत्सुकेला टोकं नसतात. छत्रीचा पाय बघा, तो सरळ लांब काढलेला नाही, अंगाशी दुमडलाय, जीभसुद्धा पोटाला चिकटलेली आहे, कारण ही वस्तू दिवसभर रेशमी कापडावर घासणार, टोक आलं तर कापड फाटेल आणि टोकही मोडेल. आणि तळाची बाजूही तेवढ्याच मनापासून कोरलेली असते कारण लटकणारी वस्तू फिरते, उलटी होते, कुठली बाजू कधी दिसेल याचा नेम नाही. वर्षानुवर्षं हात लागून लागून कोरलेल्या रेषा गुळगुळीत होतात, लाकडाला खोल रंग चढतो, त्या झिजेला जपानीत 'नारे' म्हणतात आणि जाणकार माणूस ती झीज कौतुकाने बघतो. आपल्या दगडी उंबऱ्याचा मधला भाग पाय पडून पडून खोलगट होतो ना, तसं. हे लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरांत लागणार आहे.

मी नववीत आहे. छत्रीला एकच डोळा का? ती भूत आहे का चांगली आहे? आणि नेत्सुके म्हणायचं का नेटसुके?
*विजापूर रोड*

नेत्सुकेच, पण जपानी माणूस मधला उ जवळजवळ गिळून टाकतो, 'नेत्स्के'सारखं ऐकू येतं.

एक डोळा का याचं पक्कं कारण कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण तू एक कर, जुनी लांब छत्री मिटून भिंतीला टेकवून ठेव आणि रात्री लाइट बारीक करून बघ. खाली एकच दांडा म्हणजे एकच पाय झाला की नाही? तिकडची जुनी छत्री बांबूच्या काड्यांची आणि तेल पाजलेल्या कागदाची, मिटली की नुसता सुळका, त्याला दोन डोळे काढायला जागाच नाही, आणि एक डोळा काढला की लगेच चेहरा तयार. कंदिलाचं तर अजून मस्त आहे. जपानी कंदील म्हणजे बांबूच्या गोल कड्यांवर कागद, आपल्या आकाशकंदिलासारखा घडी होणारा, आणि तो जुना झाला की कड्यांच्या मधे आडवा फाटतो. फाटलेला कंदील म्हणजे आ वासलेलं तोंड! डोळे तेवढे लावायचे बाकी. होकुसाई नावाच्या मोठ्या चित्रकाराने १८३० च्या सुमाराला अशा फाटक्या कंदिलातून बघणाऱ्या बाईचं चित्र काढलंय, ते मात्र खरंच भीतीदायक आहे, रात्री नको बघूस.

छत्रीचं भूत कुणाला खात वगैरे नाही, ते एका पायावर टुणटुण उड्या मारत येतं आणि दचकवतं. गवताच्या चपलेचंही आहे, ते रात्री घरात पळत सुटतं. आणि तुला मोरिन-जी देवळातल्या चहाच्या किटलीची गोष्ट नक्की आवडेल, तातेबायाशी गावातलं देऊळ, अजूनही आहे. चुलीवर ठेवल्यावर चटका बसून किटलीला डोकं, चार पाय आणि झुपकेदार शेपूट फुटतं. पण तिथे किटलीला जीव आलेला नसतो, तानुकी नावाचा कोल्ह्याच्या जातीचा प्राणी किटलीचं रूप घेऊन बसलेला असतो. नेत्सुकेवाल्यांचा हा फार लाडका विषय, कारण किटली आधीच गोल, पाय आणि शेपूट कडेला चिकटवली की कुठे टोक नाही. वरच्या उत्तरातला नियम आठवतोय ना?

वस्तूंना जीव येतो ही गोष्ट मुळात कुठून आली? मी शाळेत शिकवते, मुलांना सांगायची आहे म्हणून सविस्तर लिहा.
*साखर पेठ*

सविस्तरच लिहिते, बाई, कारण ही गोष्ट मला स्वतःला फार लागलेली आहे.

या जिवंत झालेल्या वस्तूंना त्सुकुमोगामी म्हणतात. समजूत अशी की भांडं, हत्यार, वाद्य, काहीही असो, शंभर वर्षं झाली की त्यात आत्मा येतो आणि मग ते माणसांना त्रास देतं. त्सुकुमो हा शब्द नव्व्याण्णवशी जोडतात, शंभराला एक कमी. आणि यात एक सुंदर गंमत आहे, जपानी लिपीत शंभरचं जे अक्षर आहे त्याची वरची एक रेघ काढली की 'पांढरा' हे अक्षर होतं. म्हणून जुन्या कवितेत म्हातारीच्या पांढऱ्या केसांना 'त्सुकुमो केस' म्हटलंय. शंभरीला एक कमी, केस पांढरे. मुलांना फळ्यावर काढून दाखवा, 百 हे शंभर आणि 白 हे पांढरा, एकदा बघितलं की विसरणार नाहीत.

गोष्ट आहे 'त्सुकुमोगामी की' नावाच्या चित्रांच्या गुंडाळीत, ती मुरोमाची काळातली, म्हणजे साधारण आपल्याकडे बहामनी होते तेव्हाची, पण घडते त्याच्याही कितीतरी आधी, दहाव्या शतकात. तिकडे वर्षअखेरीला घर झाडायची पद्धत, आपल्या दिवाळीच्या साफसफाईसारखी, आणि वस्तू शंभरी गाठून जिवंत होऊ नये म्हणून लोक जुनं सामान त्याच वेळी रस्त्यावर फेकून द्यायचे. तर एका वर्षी फेकलेल्या सामानाची रस्त्याच्या कडेला सभा भरली. त्यांचं म्हणणं काय, ते ऐका. आम्ही इतकी वर्षं यांच्या घरात राबलो, बक्षीस तर दूरच, वर आम्हाला वाटेवर टाकून दिलं, आता बैल आणि घोडे आमच्यावर खूर ठेवून जातात. याचा सूड घ्यायचा.

त्या सभेत एक जपमाळ होती, इचिरेन नावाची. ती म्हणाली, अपकाराची फेड उपकाराने करू, सूड नको. तर बाकीच्यांनी तिला बडवून काढलं! रडतरडत ती निघून गेली. मग वसंताच्या आदल्या रात्री, सेत्सुबुनला, सगळ्यांनी रूप बदललं, कुणी म्हातारा झालं कुणी बाई कुणी राक्षस कुणी जनावर, आणि क्योतोच्या फुनाओका टेकडीमागे जाऊन राहिले, तिथून शहरात येऊन माणसं आणि गुरंढोरं उचलायचे, रात्री दारू, जुगार, आणि हो, कवितासुद्धा करायचे. स्वतःचा देवही बसवला आणि त्याची मिरवणूक काढली, इचिजो रस्त्यावरून. समोरून येत होता राज्याचा मोठा कारभारी, त्याच्या अंगावर मंत्राचा ताईत, त्यातून ज्वाळा निघाल्या आणि यांची दाणादाण उडाली. शेवटी हरल्यावर हे सगळे गेले कुणाकडे, तर त्याच मार खाल्लेल्या जपमाळेकडे. तिने राग धरला नाही, त्यांना दीक्षा दिली आणि ती भांडीकुंडी साधना करून बुद्धपदाला पोचली. ही गुंडाळी शिंगोन या बौद्ध पंथाची शिकवण सांगायलाच केलेली आहे, की आमच्या मार्गाने निर्जीव वस्तूलाही मुक्ती आहे. इचिजो रस्त्यावरच्या एका बाजारपेठेने आज स्वतःला भुतांची गल्ली म्हणवून घेतलंय, दुकानांच्या दारात जुन्या सामानाची केलेली भुतं उभी असतात.

पुढे १७८४ साली तोरियामा सेकिएन नावाच्या चित्रकाराने अशा वस्तूंचं छापील पुस्तकच काढलं. त्यात फाटकी गादी आहे, तंतुवाद्य आहे, आरसा आहे, भांडी पुसायचं फडकं आहे, चिनीमातीच्या कपबशा जोडून झालेला भालेवाला सेनापती आहे. यातली बरीच त्याने स्वतः शब्दांच्या कोट्या करून बनवलेली, आजीने सांगितलेली नव्हेत, पण छापून आली आणि लोकांची झाली. कोरणाऱ्यांना अशा छापील चित्रांतून विषय मिळायचे.

मुलांना सांगताना माझी एक विनंती आहे, भुतांवर कमी वेळ घालवा आणि त्या सभेतल्या भाषणावर जास्त. आणि जपमाळेला विसरू नका.

तुम्ही मासिकातून अंधश्रद्धा पसरवताय. वस्तूला आत्मा येतो म्हणे! आधीच लोक वास्तुदोषाच्या नावाखाली लुटले जातायत.
*होटगी रोड*

लुटले जातात हे खरं आहे आणि तुमचा राग मला पटतो. जुन्या वस्तूत बाधा असते म्हणून कुणी शांतीचे पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. पण गोष्ट सांगणं म्हणजे भीती विकणं नव्हे. बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत फिरवतात तेव्हा तिथल्या एकाही बाईला तो वरवंटा रडेल असं वाटत नसतं. आमच्या घरी मिक्सर आल्यापासून पाटा-वरवंटा गॅलरीत पडून आहे, पण भाचीच्या बारशाला तोच धुऊन पुसून आत आणला, माझ्या आजीच्या हाताने एका बाजूला झिजलेला, आणि तो हातात घेतल्यावर माझ्या आईला बोलता येईना. यात बाधा कुठेच नाही. आणि आपल्या गावात तर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, ७ नंदीध्वज मिरवत येतात, अख्खं गाव संमती कट्ट्यावर अक्षता टाकायला लोटतं. काठीला नवरदेव मानणाऱ्या गावाला छत्रीला डोळा का, हे समजावून सांगावं लागत नाही असं मला तरी वाटतं.

आमच्यात घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडिलांचे सहा माग होते, चादरीचे. ते गेल्यावर दोन वर्षं कारखाना बंदच, शेवटी मागच्या वर्षी भंगारात दिले, किलोवर. सगळं टेम्पोत चढलं, जेकार्डच्या कार्डांच्या माळासुद्धा, पण अम्माने ऐन वेळी एक धोटा, मागावर आडवा धागा नेतो तो, आणि फणीचा तुकडा पदरात घेतला न् आत गेली. आता ते देवघरात आहे, रोज हळदकुंकू. भाऊ म्हणतोय घरात भंगार ठेवायचं नाही. मला धोटा टाकवत नाही, ताई, पण देवघरात बघितलं की पण कसंतरी होतंय बगा, वडीलच बसलेत वाटतंय. तुमची ती छत्री बघून विचारावं वाटलं, जपानी लोक अशा वस्तूंचं काय करतात?
*अशोक चौक*

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तिकडे हारी-कुयो नावाचा दिवस असतो, सुयांचा. तोक्योकडे ८ फेब्रुवारीला, क्योतो-ओसाकाकडे बऱ्याच ठिकाणी ८ डिसेंबरला. शिवणकाम करणारे लोक वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या, गंजलेल्या सुया घेऊन देवळात जातात, तोक्योत आसाकुसाच्या सेन्सो-जी देवळातला कार्यक्रम प्रसिद्ध आहे, आणि तिथे मोठ्या ताटात तोफू ठेवलेला असतो, आपल्या पनीरसारखा मऊ लुसलुशीत, त्यात त्या सुया खोचायच्या. का? तर आयुष्यभर त्या जाड, कडक कापडातून गेल्या, आता शेवटी तरी मऊ जागा मिळू दे. हात जोडायचे, झालं. लिहायचे कुंचले, बाहुल्या, चहा घुसळायच्या बांबूच्या घुसळण्या, यांचेही असेच निरोपाचे दिवस असतात. म्हणजे ते लोकही सगळं साठवून ठेवत नाहीत. टाकतातच. फक्त टाकायच्या आधी त्या वस्तूचं काम बोलून दाखवतात.

आणि गुंडाळीतल्या त्या सामानाची तक्रार नेमकी हीच होती की नाही? म्हातारं झाल्यावर टाकलं यापेक्षा एक शब्द न बोलता बैलाच्या खुराखाली टाकलं, याचा त्यांना राग आला. तुमचे माग किलोवर गेले. त्यात तुमची चूक नाही, धंदाच तसा बसला, घरोघरी हेच झालंय, आणि बंद कारखान्याचं भाडं आणि लाइट बिल आठवणींनी भरता येत नाही. पण त्या सहा मागांना कुणी काही म्हटलं नव्हतं, म्हणून अम्मांनी पदर पुढे केला. मला तर अम्मा त्या गोष्टीतल्या जपमाळेच्या जागी दिसतात.

खंडेनवमीला तुमच्या कारखान्यात काय व्हायचं ते आठवा. माग बंद, पुसून स्वच्छ, भीमाला, म्हणजे ताण्याच्या रुळाला, झेंडूचा हार, धोट्याला कुंकू, नारळ, पोरांना पेढे. वर्षातून एक दिवस मागाला सुट्टी आणि मान. अम्मा आता तोच एक दिवस रोज करतायत कारण त्यांना दुसरा मार्ग दिसत नाहीये.

म्हणून मी काय सुचवते, ते अम्मांच्या कलाने घ्या, घाई करू नका. येत्या खंडेनवमीला धोटा आणि फणी देवघरातून काढून मधल्या खोलीत पाटावर मांडा, भावालाही बोलवा, आणि अम्मांना बोलायला लावा, पहिला माग कधी घेतला, कुणाकडून घेतला, वडील रात्रपाळीला कोणतं गाणं म्हणायचे, कुठल्या डिझाइनची चादर सगळ्यात जास्त खपली, ज्या दिवशी धागा सारखा तुटायचा त्या दिवशी ते कुणावर चिडायचे. मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग एका कागदावर वडिलांचं नाव, मागांची संख्या, गल्ली, साल, एवढं लिहून धोट्यासोबत ठेवा. नंतर धोटा देवघरात जाऊ दे की शोकेसमध्ये, तो कुणाचा होता ते घरातल्या लहान पोराला सांगता आलं पाहिजे. आज तुम्हाला वडीलच बसलेत वाटतं कारण सगळं न बोललेलं त्या एका लाकडात कोंबलंय.

आणि जपायचं म्हणाल तर धोट्याला हळदकुंकू थेट लावत राहू नका, लाकडाच्या रेषांत बसतं आणि ओल धरतं. कोरड्या सुती फडक्याने पुसा, वर्षातून एकदा-दोनदा जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि जास्तीचं पुसून काढा, आणि ते फडकं चुरगाळून कुठे टाकू नका, जवसाचं तेल लागलेला बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो, पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवा. टोकाच्या लोखंडाला गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने. वाळवीचा भरवसा नाही, भिंतीला चिकटून ठेवू नका. धोट्याच्या पोटात कांडी असेल तर ती धाग्यासकट तशीच राहू द्या, शेवटचा विणलेला रंग आहे तो. आणि घरात तुमच्याच मागावरची चादर एखादी नक्की असेल, तिच्या तुकड्यात गुंडाळा.

भावाला माझा निरोप सांगा, एका धोट्याने घर भंगारखाना होत नाही.

ऑनलाइन नेत्सुके दिसतात, काही पाचशे-सातशेला, काही लाखात. घ्यावं का? हस्तिदंती म्हणून लिहिलेलं चालतं का?
*नवी पेठ*

हस्तिदंती अजिबात नाही. हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे कायद्याने बंद आहे, वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो, जुनं आहे असं विकणारा म्हणाला तरी. जुने नेत्सुके हस्तिदंताचे पुष्कळ आहेत हे खरं, पण लाकडाचेही तेवढेच देखणे आहेत, बारीक रेषेचं कडक त्सुगे लाकूड त्यासाठी वापरत. हरणाच्या शिंगाचे, अक्रोडाच्या कवचाचेही असायचे. आसाकुसाचा ओझाकी कोकुसाई तर शिंगातून काय एकेक काढायचा. घरात वारशाने आलेलं काही हस्तिदंती असेल तर आधी वनविभागाकडे जाऊन विचारा, विकायचा विचार मनातही नको.

पाचशेवाले बहुतेक रेझिनचे साच्यातले. कडेला साच्याची बारीक शिवण दिसते, सगळ्या खाचांत एकसारखा तपकिरी रंग भरलेला असतो, आणि दोरीची भोकं तळाशी अशा ठिकाणी पाडलेली असतात की दोरी ओवून लटकवलं तर वस्तू उलटी होईल. ते बघितलं की समजायचं, बनवणाऱ्याने ही वस्तू कधी कमरेला लावलेली नाही. आवडलं म्हणून टेबलावर ठेवायला घ्या, जुनं म्हणून घेऊ नका. १८६८ नंतर जपानात कोट-पँट आली, खिसे आले, सिगारेट आली, कमरेच्या पिशव्या गेल्या आणि नेत्सुके जहाजाने युरोप-अमेरिकेला गेले, तेव्हापासूनच परदेशी गिऱ्हाइकासाठी नकला सुरू आहेत. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात, क्योतोत खास नेत्सुकेंच्याच संग्रहालयात, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये खरे बघायला मिळतात, त्यांचे फोटो घरबसल्या बघता येतात. आपल्याला जवळ म्हणजे हैदराबादचं सालारजंग, तिथे जपानी वस्तूंचं दालन आहे, नाहीतर मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिथे टाटांच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. तिकडचा हात कसा चालतो ते एकदा डोळ्यांत बसलं की फसणं कमी होतं.

मी देव्हारे बनवतो, कोरीव काम येतं. तुमची छत्री बघून वाटलं आपल्या गावच्या वस्तूंचं असं करावं. बायको आणि आई विड्या वळतात, त्यांचं सूप, पत्ती कापायची कात्री. जमेल का? काय काळजी घ्यायची?
*अक्कलकोट रोड*

जमेल का काय विचारताय, करायलाच घ्या! सूप मांडीवर घेऊन अख्खं आयुष्य गेलेल्या बायका या गावात आहेत, त्या सुपाला डोळे फुटले तर त्याला सांगायला किती असेल.

लाकूड बारीक रेषेचं आणि चिवट घ्या, पेरूची वाळलेली जाड फांदी बघा, शिसवही चालेल. सागाची रेष एवढ्या छोट्या कामात आडवी येते. चार सेंटीमीटरच्या वर जाऊ नका. कात्रीचा मोह टाळा असं मी म्हणेन, तिला टोकंच टोकं, मिटलेली दाखवली तरी. सूप घ्या, ते पसरट आहे पण कडेने आत वळवता येईल, झोपलेल्या मांजरासारखं स्वतःभोवती गुंडाळलेलं, आत तंबाखू आणि पानं, आणि काठाच्या विणीतून एक डोळा जेमतेम उघडा. दोन डोळे नकोत, एकच पुरे, आणि तो मोठा करू नका, आठ तास वळून दमलेलं सूप आहे ते. बांबूच्या विणीची प्रत्येक पट्टी कोरायच्या फंदात पडू नका, जिथे आईचा गुडघा टेकतो तिथली वीण झिजून सपाट झालेली असेल, खरं सूप हातात घेऊन बघा, तशीच सपाट ठेवा. भोकं सगळ्यात शेवटी नाही, सगळ्यात आधी ठरवा, दोरीत लटकवल्यावर डोळा समोर आला पाहिजे. पॉलिश पेपर बारीक करत करत जा, शेवटी कापडाने घासा, लॅकर मारू नका, लॅकर मारलं की हाताचं तेल आत जात नाही.

झालं की लगेच फोटो पाठवू नका. आईच्या किल्ल्यांना लावा, सहा महिने त्यांच्या हातात, पिशवीत, कमरेला फिरू दे, आणि मग पाठवा, तळाच्या बाजूचाही.